गुणगुणणे: तोंड उघडं की बंद?

एका कथेचं भाषांतर करतोय. त्यात एक बाई ओठ घट्ट मिटून नुसता सूर काढतेय, शब्द नाहीत, आणि पुढचा सगळा घोळ ह्यावर आहे की शेजारच्या खोलीतल्या माणसाला गाणं कुठलं तेच कळत नाही. मी 'गुणगुणत होती' लिहिलं तर बायको म्हणे गुणगुणणे म्हणजे हळू आवाजात शब्दांसकट, मग त्याला कळेलच की. तुम्ही काय म्हणता?

– वहिनींचं बरोबर आहे. आमची आई काम करता करता अख्खं कडवं म्हणायची, आपल्याशीच, त्याला आम्ही गुणगुणणंच म्हणायचो. बंद तोंडाचं ते हमिंग. रेकॉर्डिंगला कोरसला 'इथे हमिंग द्या' असंच सांगतात.

– हमिंग कशाला?? गुंजन आहे, गुंजारव आहे. उगाच इंग्रजीची उसनवारी.

– गुंजन भुंगे करतात हो. आणि गुंजन तरी कुठे घरचं, संस्कृतातनं घेतलंय, म्हणजे उसनवारीच, फक्त जुनी.

– तत्सम शब्दांना उसनवारी म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

– मला वाटतं हे 'गुण गाणे' वरून आलं असणार. देवाचे गुण गाता गाता माणूस तल्लीन होतो, आवाज आपोआप खाली येतो...

– मग डास कानाशी येऊन कोणाचे गुण गातो? अहो अनुकरणवाचक शब्द आहे तो, भुणभुण, कुणकुण, रुणझुण तसाच. ओठ मिटून सूर काढा आणि नाक चिमटीत धरा, आवाज तिथल्या तिथे बंद, कारण हवा नाकावाटेच जात असते. म्हणून ह्या शब्दांत ण येतो. भ्रामरी प्राणायामातही तोंड बंदच असतं. म्हणजे मूळ अर्थ बंद तोंडाचाच, शब्द नंतर शिरले, असं माझं मत.

– रुणझुण नाकातून होते? पैंजणाला नाक कधी फुटलं?

– ज्ञानेश्वरांनी 'रुणुझुणु' भ्रमराला म्हटलंय, पैंजणाला नाही. जरा वाचत जा.

– विषय निघालाच आहे तर, हल्ली सर्रास 'गुनगुनत' लिहितात ते आधी थांबवा. ते हिंदी झालं. आणि हिंदीत गुनगुना म्हणजे कोमट, मग बाई काय कोमट होत होती?

– ण चा न बोलणारे मराठीच असतात साहेब. त्यांचं गुनगुननं अशुद्ध ठरवायचा अधिकार कोणी दिला?

– बोलण्याला कोण काय म्हणतंय, लिहिण्याबद्दल बोलतोय मी.

– लिहिणारे बोलत नाहीत वाटतं.

– मंडळी, माझी बाई तशीच ओठ मिटून बसलीय. 'ओठ मिटून नुसती चाल घोळवत होती' चालेल?

– घोळवत नको, तोंडात गोळी असल्यासारखं वाटतं. 'तोंडातल्या तोंडात सूर धरला होता' करा.

– तोंडातल्या तोंडात माणूस पुटपुटतो, सूर कसला धरतोय.

– ते असू दे, न आणि ण चं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.