हळदीत रंगवलेलं दुपटं धुतलं तर लाल झालं, बारसं तीन आठवड्यांवर!

हळदवाली_सांगली
मंडळी मदत करा. धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि मी जोशात सगळ्यांना सांगून बसले की दुपटं माझ्या हातचं, कापडसुद्धा मीच रंगवणार. सांगलीत राहते, हळदीला काय तोटा, म्हणून आईच्या जुन्या सुती नऊवारीचा अर्धा तुकडा हळदीच्या पाण्यात उकळला, वर थोडी तुरटी, काय पिवळा आला म्हणून सांगू! मग म्हटलं बाळाच्या अंगाला लागणार, एकदा धुऊन घेऊ, तर साबण लागताच डोळ्यांदेखत विटकरी लाल डागच डाग. परत साध्या पाण्यात खळबळलं तर निम्मं पिवळं निम्मं नारिंगी, आणि गच्चीवर दोन दिवस वाळत होतं तर वरची घडी पांढुरकी पडली. नवरा म्हणतो कुंकू सांडलंय. अर्धा तुकडा शिल्लक आहे, तो कशात रंगवू? आणि वाकळ कधी शिवली नाहीये, फक्त आजीला शिवताना बघितलंय.

वाईचा_रंगारी
ताई, भावजी बरोबर बोलतायत, हळदीत चुना कालवूनच तर कुंकू होतं. साबणातल्या सोड्यानं तेच केलं. लिंबू मारलं की परत पिवळं होईल पण पुढच्या धुण्याला परत लाल. आणि ऊन म्हणाल तर शर्टावर आमटी सांडली की आपण उन्हातच टाकतो ना?

डाळिंबाची सालं घ्या. आटपाडी तुमच्याच जिल्ह्यात, आणि ज्यूसवाला तर फुकट देतो. आधी कापड धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ खळबळा, जुनी खळ राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. कोरडं कापड तोलून घ्या, अर्धा किलो भरलं तर 75 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवा. सालं वाळलेली असतील तर तेवढ्यालाच पाव ते अर्धा किलो, तीही रात्रभर भिजवून तासभर उकळायची, गाळायची, त्यात ओलंच कापड घालून मंद आचेवर पाऊण तास आणि मग गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. भांडं स्टीलचं, आणि ते परत स्वयंपाकाला नाही. लोखंडी कढई घेऊ नका, पिवळ्याचा शेवाळी होईल (मला तो आवडतो ती गोष्ट वेगळी). वाळवायचं सावलीत.

कराडकर
एवढा कुटाणा कशाला, बाजारात पक्क्या रंगाचं कापड मिळतंय की.

मिरजेची_मावशी
कराडकर, गप बसा हो, पोरगी हौसेनं करतेय.

हे बघ बाळा, दुपट्याला तीन थर बास, वर-खाली रंगवलेलं आणि मध्ये मऊ झालेलं जुनं लुगडं. पॉलिस्टर मिसळलेली साडी घेऊ नको, रंगही धरत नाही आणि बाळाला घाम येतो. तिन्ही थर आधी धुऊन आटवून घे, नाहीतर पहिल्याच धुण्यात एक आटतो, दुसरा नाही, आणि वाकळ फुगते. मीटरभर रुंद, सव्वा मीटर लांब पुरे. चटईवर पसरून हातानं सुरकुत्या काढ, मोठे मोठे कच्चे टाके मार, मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. मधून सुरुवात केलीस तर कापड कडेला सरकून झोळ येतो, माझी पहिली वाकळ तशीच झाली होती, सासूबाईंनी सगळी उसवायला लावली. दोऱ्याच्या गाठी थराच्या आत लपव, बाळाला टोचतात. आणि शिवायच्या आधी पांढरा ओला रुमाल रंगीत कापडावर घास, त्याला रंग लागला तर अजून धू.

हळदवाली_सांगली
मावशी, दादा, खूप आभार! स्टँडजवळच्या ज्यूसवाल्यानं पिशवीभर सालं दिली वर विचारलं औषध करताय का. आज सकाळी काढलं, मोहरीच्या फुलापेक्षा जरा मळकट पिवळा आलाय, साबणाचं पाणी एका कोपऱ्याला लावून बघितलं, लाल झाला नाही! आता तो हळदीचा डागाळलेला तुकडा मधल्या थरात घातला तर चालेल का, दिसणार तर नाही.

मिरजेची_मावशी
अजिबात नको. बाळ शू करणार, ओलं झालं की हळद वर येते. त्याला कड मुडपून घे आणि बारशाला बहीण ज्या पाटावर बसेल त्यावर घाल.