'ओके'चा जन्म बॉस्टनचा, आता वाद कशाला?

शब्दवेल्हाळ:
'ओके' ग्रीकांचा, आफ्रिकेतला, अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींचा... सतत कुठला तरी दावा फिरत असतो. माझ्या मते हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ओ.के.' छापून आलं, शेजारीच अर्थ दिला होता : 'ऑल करेक्ट'. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून (इथे 'oll korrect') त्याची आद्याक्षरं वापरायची टूम तेव्हा तिथल्या पत्रकारांत होती. 'ऑल राइट'चं 'ओ.डब्ल्यू.' त्यातलंच. ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून ही सगळी साखळी १९६३-६४मध्ये मांडली. एवढा पुरावा असताना दंतकथा का उगाळायच्या?

नदीकाठ:
पहिली छापील नोंद म्हणजे जन्मदाखला नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. त्यांचे शब्द वर्तमानपत्रात कोण छापणार? पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत 'वाव' म्हणजे हो, आणि ठासून हो म्हणायला 'वाव के'. भाषाअभ्यासक डेव्हिड डॅल्बी यांनी हा दुवा मांडला होता. जात्यावरच्या ओव्या वहीत उतरल्या त्या दिवशी जन्मल्या, असं आपण म्हणतो का?

शब्दवेल्हाळ:
ओव्या म्हणणाऱ्या बायका आपल्या घरात होत्या, त्यांच्याकडून ऐकूनच त्या लिहिल्या गेल्या. इथे हातात काय आहे? फक्त आवाजातलं साम्य. तेवढ्यावर कुठलाही शब्द कुठल्याही भाषेला चिकटवता येईल.

वाटाड्या:
चोक्टॉंना मात्र छापील पुरावा नाही म्हणून उडवून लावू नका. बायिंग्टन आणि राइट या मिशनऱ्यांनी १८२०च्या दशकात चोक्टॉ मजकूर तयार केला, त्यात वाक्याच्या शेवटी 'ओके' येतं. अर्थ, 'हे असंच आहे'. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन याच समजुतीने 'okeh' असं चोक्टॉ वळणाचं स्पेलिंग लिहीत. रीड यांच्या आधी अमेरिकी शब्दकोशांतही हीच व्युत्पत्ती असायची.

शब्दवेल्हाळ:
हा मुद्दा वजनदार आहे. पण चोक्टॉंचा मुलूख मिसिसिपीकडचा. तिथून बॉस्टनच्या संपादकाच्या टेबलापर्यंत शब्द कसा पोचला, तो मधला दुवा दाखवा.

नदीकाठ:
तुम्हीही एक दाखवा. 'ओ.डब्ल्यू.' मेलं आणि 'ओ.के.' तेवढं जगलं, ते का? हा आवाज लोकांच्या तोंडी आधीपासून असेल म्हणूनच ना?

पानसुपारी:
त्याचं उत्तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या १८४०च्या निवडणुकीत आहे. मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे. समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहूक' केलं आणि 'ओके क्लब' काढले. विरोधकांनी त्याच अक्षरांचे टवाळ अर्थ लावले. व्हॅन ब्यूरेन हॅरिसनकडून हरले, पण तोवर दोन्ही बाजूंनी ती अक्षरं देशभर नेली होती. पुढे तारेच्या कडकट्टात 'संदेश मिळाला' कळवायला दोन अक्षरं सोयीची पडली. असलं नशीब 'ओ.डब्ल्यू.'ला लाभलं नाही.

नदीकाठ:
शब्द पसरला कसा, ते यातून कळतं आणि ते मला पटलं. पण मळ्यांवर गुलामांत काय बोललं जाई, हे मालकांनी लिहून ठेवलेल्या तुटक नोंदींवरून ठरवायचं आणि वर 'निकालात निघालं' म्हणायचं, हे मला मान्य नाही. आफ्रिकी भाषांचे अभ्यासक या वादात बरोबरीने बसेपर्यंत बॉस्टन हा माझ्या लेखी सर्वांत भक्कम दावा आहे, निकाल नाही.