मदत हवी आहे : १५ गुंठ्यांत गाय, कालवड आणि चार शेळ्यांचा हिरवा चारा कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

घरामागे १५ गुंठे रान आहे, विहिरीला पाणी आहे. दावणीला साधारण ४०० किलोची एक गाय, एक कालवड आणि चार शेळ्या. कडबा आणि थोडी पेंड विकत घेते, पण हिरवा चारा तरी घरचाच असावा असं मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी दोनच पिकं केली, संकरित नेपियर (उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) आणि कडवळ (चाऱ्याची ज्वारी). नेपियर जोमात आलं. कामाच्या गडबडीत कापणी लांबली आणि ते डोक्याच्या वर गेलं. मग गाय पाला खायची आणि जाड कांड्या गव्हाणीत तशाच राहायच्या. शेळ्या तर नुसती टोकं ओरबाडून तोंड फिरवायच्या. दूधही वाढलं नाही.

खरी भीती कडवळाची बसली आहे. पहिली कापणी झाली, पुढे पाणी द्यायला जमलं नाही आणि खोडव्याला (कापणीनंतर राहिलेल्या बुडख्यांना) गुडघ्याएवढे फुटवे आले. कोवळं हिरवं दिसलं म्हणून एका सकाळी कालवडीला पेंढीभर टाकलं. अर्ध्या तासात तिला धाप लागली, तोंडाला फेस आला, मागचे पाय लटपटायला लागले. डॉक्टरांनी ओठ उलटून दाखवला, हिरड्या लालभडक झाल्या होत्या. किराळ लागली म्हणाले, म्हणजे कोवळ्या कडवळातल्या विषाची बाधा. शिरेतून इंजेक्शनं दिली, वेळेवर आले म्हणून ती वाचली. तेव्हापासून कडवळाची पेंढी उचलताना हात थांबतो.

विचारायचं आहे ते असं : कडवळ बंदच करू का? १५ गुंठ्यांत कोणतं पीक किती लावू? आणि उन्हाळ्यासाठी मुरघास (हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा) थोड्या प्रमाणात, घरच्या घरी करता येतो का?

प्रतिसाद

ताई, कालवड वाचली हे वाचून बरं वाटलं. किराळ कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत सगळ्यात जास्त असते. फुलोऱ्यावर आलेलं कडवळ कापलं तर धोका बराच कमी होतो. पण खोडव्याला वेळेवर पाणी देणं जमणार नसेल तर तुमच्या जागी मी मकाच लावेन. मक्याला किराळीची भीती नाही.

आता हिशोब. गाईला रोज २५ किलो हिरवा चारा, कालवडीला १२, चार शेळ्यांना मिळून १२ धरा. म्हणजे रोज ५० किलोच्या आसपास, वर्षाला १८ टन. चांगल्या पाण्याखतावर नेपियर गुंठ्याला वर्षाकाठी टन-दीड टन देतं. पण सगळं नेपियर लावलं तर पोट भरेल, प्रथिनं कमी पडतील. दूध न वाढण्याचं एक कारण तेच असावं. म्हणून ६-७ गुंठे नेपियर, ३ गुंठे लसूणघास, उरलेल्यात मका आणि चवळी मिसळून, असं करा. बांधावर शेवरी लावा. शेळ्यांना तिच्या फांद्या उंच टांगून द्या, खाली टाकलेलं त्या तुडवतात. एवढं करूनही १८ टनांना थोडं कमीच पडेल, ती तूट कडब्यावर काढावी लागेल.

नेपियर छाती-कमरेएवढं झालं की कापा. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी. कुट्टी (बारीक तुकडे) करूनच घाला, कांड्या वाया जात नाहीत. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका. लसूणघास मात्र ओला, एकटा आणि उपाशी पोटी कधीच नको, पोट फुगतं. आधी कडबा, मग सुकवलेला घास.

धागाकर्ती

खूप आभार. लसूणघासाचं माहीत नव्हतं, मी सकाळी सकाळी तोच पहिल्यांदा टाकला असता. मुरघासाचं सांगाल का?

प्रतिसाद

खड्डा नको, झाकणाचा २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम घ्या. मक्याचा दाणा दुधातून चिकात यायला लागला की कापा. बोटाच्या पेरापेक्षा बारीक कुट्टी करून थरावर थर देत पायांनी दाबा. मूठ आवळून सोडल्यावर गोळा हळूहळू उलगडला आणि हाताला नुसता ओलसरपणा लागला, की ओल बरोबर. पाणी ठिबकलं तर कुट्टी काही तास सुकवा. एका ड्रममध्ये साधारण १०० किलो बसतं. ४५ दिवस झाकण उघडू नका. उघडल्यावर आंबूस वास आला तर घाला, बुरशी दिसली तर तेवढा भाग फेकून द्या, गाभण शेळीला तर त्यातलं काहीच नको.

मका एकाच दिवशी सगळा पेरू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वाफे करा, म्हणजे रोजच्याला ओला मिळेल आणि एक वाफा ड्रमसाठी राखता येईल.