खोडी की मस्ती? तुमच्याकडे काय म्हणतात?

बकुळ: नातवाच्या डायरीत काल शेरा आला, 'वर्गात मस्ती करतो.' केलं काय, तर पुढच्या बाकावरच्या मुलीच्या रिबिनीचं टोक तिच्याच दप्तराच्या बंदाला बांधलं. ही मस्ती नव्हे, खोडी! मस्ती एकट्यालाही करता येते, गादीवर उड्या मारल्या की झाली. खोडी कुणाची तरी काढावी लागते. मी सातेक वर्षांची असताना कीर्तनात पुढे बसलेल्या दोन आज्यांच्या पदरांची गाठ मारली होती. आरतीला दोघी एकदम उठल्या नि एकदम खाली बसल्या. आईने घर येईपर्यंत माझा दंड सोडला नाही. तुमच्या खोड्या लिहा, तुमच्याकडचा शब्दही सांगा.

संत्राबर्फी: नागपुरात बदमाशी. "लय बदमाश पोट्टं आहे" हे आजी कौतुकानंच सांगायची.

पंचगंगाकाठ: लई वांड! त्याच्यावरचा म्हणजे इब्लिस. अरबीत सैतानाचं नाव, पण आत्या मांडीवर घेऊन म्हणायची, "माझं इब्लिस गं ते."

बडोदेकर: आमच्याकडे तोफान, गुजरातीतून आलेलं. आई पुण्यात म्हणाली "हा फार तोफान करतो", तर मामी खिडकीतून आभाळ बघायला लागली.

चैत्रपालवी: 😂😂 मामी!

जुनीवही: व्रात्य विसरलात? ज्याची मुंज वेळेत झाली नाही तो व्रात्य. मराठीत येईपर्यंत शेजारच्या कैऱ्या पाडणाराही व्रात्य झाला.

ढवळ्या_पवळ्या: बैल घेताना आधी खोड विचारतात. मारका आहे का, जू ठेवलं की बसतो का. आमचा एक बांधावर आला की बसायचाच. वडील त्याच्या शेजारी बसून तंबाखू मळायचे, मग दोघं उठायचे.

चैत्रपालवी: किती गोड. कुठल्या जातीचा?

ढवळ्या_पवळ्या: खिलार.

सायली_सातारा: भाऊ माझ्या लवंगी माळेतल्या मधल्याच चार लवंगा काढून ठेवायचा. माळ अर्ध्यात विझायची आणि मी रडायची. चार वर्षं झाली त्याला जाऊन. या दिवाळीला माळ शेवटपर्यंत वाजली, ऐकवेना.

बकुळ: सायली, जवळ असतीस तर कुशीत घेतलं असतं गं.

संत्राबर्फी: 🙏 ताई, सांभाळा.

पंचगंगाकाठ: बकुळताई, त्या पदरांची गाठ सोडवली कुणी?

बकुळ: त्यांनीच. इतकी घट्ट की एकीने दात लावले. दुसऱ्या दिवशी तिनेच बोलावून खडीसाखर हातावर ठेवली. येते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.