मदत हवी आहे: रक्तात 'एगरथेला लेंटा' नावाचा जंतू निघाला, डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

नमस्कार मंडळी. माझे मोठे बाबा, वय ६८, धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये भरती आहेत. शुगर जुनीच. अपेंडिक्स फुटलं म्हणून ऑपरेशन झालं, घरी सोडायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि हुडहुडी भरून १०२ ताप आला, बीपी उतरलं. सीटीत पोटात पूचा गोळा दिसला, तिथे नळी टाकली. पिशवीत मळकट तपकिरी पू येतो. वास असा, की मोठी आई नाकाला पदर लावूनच बसते, पण उठून जात नाही.

पूच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात ती तपासणी) ई. कोलाय हा जंतू आला. रक्ताच्या दोन बाटल्यांपैकी अनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठीची) बाटली मात्र फार उशिरा पॉझिटिव्ह झाली आणि हे नाव आलं. आरएमओ (वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टर) मॅडमनी नीट समजावलं: हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो, अपेंडिक्स फुटल्यावर तिथून पोटात आणि पुढे रक्तात शिरतो. त्याला ऑक्सिजन सोसत नाही, वाढतोही सावकाश, त्यामुळे अनएरोबिक बाटली पाठवलीच नाही तर सापडतसुद्धा नाही. भेटायला येणाऱ्यांना त्यांच्यापासून धोका नाही, हेही त्यांनीच सांगितलं. घरच्यांना त्याने फार धीर आला.

आता ताप उतरलाय, पण माझ्या डोक्यातून हे जात नाही. हा जंतू रक्तात गेला तर दगावणाऱ्यांचं प्रमाण बरंच असतं असं वाचलं. सुरुवातीला पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक चालू होतं, ते या जंतूवर कमी पडू शकतं म्हणे. रिपोर्टनंतर मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक जोडलंय. तोंडाला धातूची चव येते, अन्न जात नाही, दोन घास वरणभात कसाबसा. ते सहन करतील. पण हे औषध लांबलं तर नसांवर परिणाम होऊन हातपाय बधिर होऊ शकतात, आणि यांच्या तळपायाला शुगरमुळे आधीच मुंग्या येतात. ज्यांच्या घरी असं झालं त्यांना औषध किती दिवस दिलं? मध्ये बदलून दिलं का? अनएरोबिक जंतूची सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडेल ती तपासणी) नागपुरात कुठे होते का? आमच्या लॅबने फक्त नाव कळवलंय. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मायक्रोबायोलॉजीत बाहेरच्या पेशंटचं सॅम्पल घेतात का, कोणाला माहीत असेल तर सांगा.

दुसरं, कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा दुसरा एक जंतू रक्तात सापडला तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर शोधतातच. एगरथेलाचा संबंध तितका पक्का नाही, पण या वयात अपेंडिक्स फुटण्यामागे कधीकधी आतड्याची गाठ असते. सर्जन म्हणतात, आत्ता आतडं नाजूक आहे, नंतर बघू. मला ते पटतं. फक्त हे 'नंतर' डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्यायचंय, नाहीतर घरी आल्यावर मोठे बाबा "आता बरं आहे मले" म्हणून टाळतील. साधारण किती आठवड्यांनी करतात?

संसर्गरोगांचे वेगळे तज्ज्ञ असतात हे मला इथेच कळलं. नागपुरात कोणी त्यांचं सेकंड ओपिनियन घेतलं असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. सर्जन उद्या सकाळच्या राउंडला भेटतील, त्याआधी आणखी काही विचारायला हवं असेल तर तेही लिहा. रिपोर्टचा फोटो हवा असेल तर नाव झाकून टाकते.