झाडावर उगवलं तर ते ‘भूछत्र’ कसं?

उंबरठा: शहरात आपोआप उगवणाऱ्या अळंब्यांवरचं पत्रक मराठीत आणतेय. रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याला फळीसारखं चिकटलेलं, लाकडाइतकं टणक गॅनोडर्मा असतं ना, त्याच्या चित्राखाली ‘भूछत्र’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली: ना भू, ना छत्र! खरंय त्यांचं. मग काय लिहू?

कानामात्रा: कवक. परिभाषेतला शब्द आहे, विषय संपला.

उंबरठा: कवकात पावावरची बुरशीही आली की.

जुनंखोड: आणि कवक म्हणजे सगळा वर्ग, हे आपण नंतर ठरवलं. मनुस्मृतीत (५.५) लसूण-कांद्याच्या पंगतीत ‘कवकानि’ वर्ज्य सांगितलीत, तिथे अर्थ अळंबीच लावतात. म्हणजे तुमचा शुद्ध शब्दही मूळ अर्थ सोडून आलेला.

पाऊसवेडी: मेघदूतातलं ‘उच्छिलीन्ध्राम्’ विसरलात? मेघ गरजला की शिलींध्रं, म्हणजे अळंब्या, वर येतात. काय शब्द आहे!

कानामात्रा: मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथ तिथे कंदली म्हणतो. अळंबी नव्हे.

पाऊसवेडी: मल्लिनाथ पावसात भिजला नसेल.

भुईनळा: आमच्याकडे सोपं होतं. खायची ती अळंबी, उरलेली कुत्र्याची छत्री. कुत्रं मुततं तिथे उगवते, असं आजी सांगायची.

जुनंखोड: कुत्र्याचा काय संबंध! माझा अंदाज, ‘कुत्र्याची’ म्हणजे हलकी, बिनकामाची. पुरावा मागू नका.

उंबरठा: खायची-न खायची हा हिशेब पत्रकात धोक्याचा आहे. हिरवळीवर येणारं क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस पांढरं, गुबगुबीत, अगदी ‘अळंबी’ म्हणावं असं. पण विषारी. छत्रीखालच्या पात्या जून झाल्यावर हिरवट होतात. कोवळेपणी त्याही पांढऱ्याच.

सात्यावाला: पूर्व विदर्भात सात्या म्हणतात, तो शब्द कुणीच कसा काढला नाही?

जुनंखोड: त्या वारुळाशी उगवणाऱ्या. वाळवीच ती बुरशी पोसते. बुंध्यावरच्या फळीला सात्या म्हणालात तर तुमचेच लोक हसतील.

भुईनळा: ‘खोडफळी’ म्हणा!

कानामात्रा: उद्या कुणी सुतारकामाचं पत्रक समजेल.

जुनंखोड: तसं पाहिलं तर दिसते ती फळी नुसतं फळ. खरा जीव आत, लाकूड कुजवत बसलेला. नाव फळाला देताय की जिवाला?

उंबरठा: चित्राला! उद्या छापायला जायचंय.

कानामात्रा: आधी ‘अळंबी’ की ‘अळिंबी’ ते ठरवा. पाठवलेल्या मसुद्यात दोन्ही आहेत.