जुनं टॉप लोड वॉशिंग मशीन: तुमच्या घरचं कसं होतं?

दोन टबचं, वरून कपडे टाकायचं सेमी ऑटोमॅटिक ज्यांच्या घरी होतं किंवा अजून आहे त्यांनी इथे लिहा. कंपनी कुठली, कपडे कसे निघायचे, पाणी कुठून भरायचात, किती टिकलं, सगळं वाचायला आवडेल.

सुरुवात मी करते. माहेर औरंगाबादचं, त्यामुळे व्हिडिओकॉनचं मशीन म्हणजे आमच्या पैठण रोडवरच्या कंपनीचं, त्याचा कोण अभिमान! नळाला पाणी रोज नसायचंच, तरी ते मशीन परवडायचं कारण पाणी किती घालायचं ते आपल्या हातात. एकदा टब भरला की आधी पांढरे, मग रंगीत, मग बाबांच्या कामावरच्या पँटी आणि शेवटी पायपुसणी, सगळं त्याच फेसात, मधे वाटलं तर चमचाभर पावडर. नळी बादलीत सोडून ते पाणी आई संडास-बाथरूमला वापरायची. आताची फुल्ली ऑटोमॅटिक दर वेळी नवीन पाणी घेते आणि सगळं गटारात सोडते, मला ते अजूनही पटत नाही.

*

ताई, अगदी! आम्ही डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये. मशीन आठवडाभर हॉलच्या कोपऱ्यात, वर भरतकामाचं कव्हर, त्यावर फोन. रविवारी पाणी यायच्या आधी ते चाकांवरून मोरीपाशी ओढायचं, नळाला पाइप लावायचा आणि मग टायमर पिळला की टबातली चकती कर्रकर्र सुरू व्हायची. थोडा वेळ उजवीकडे, थांबा, मग डावीकडे. सुती साड्या आई एका वेळी एकच टाकायची, नाहीतर दोन साड्यांचा असा पीळ बसायचा की सोडवता सोडवता पाणी जायची वेळ व्हायची. कॉलर आणि बाही मात्र ब्रशने आधी घासून घ्यायची, ते काम मशीनवर तिने कधी सोडलं नाही आणि तिचं बरोबरच होतं.

*

मी साताऱ्यात रिपेअरिंगचं काम करतो म्हणून थोडं आतलं सांगतो. खालची फिरणारी चकती, म्हणजे पल्सेटर, हा सगळा त्याचा खेळ. जपानात सॅन्योने १९५३ साली असंच चकतीचं मशीन काढलं होतं, पण तेव्हा ती चकती टबाच्या बाजूला होती आणि पिळायला वर हाताने फिरवायचे रूळ. आपल्याकडच्या मशीनमध्ये मोटर, पट्टा, पुली आणि वर चकती, संपलं. टायमर म्हणजे चावीचं घड्याळच, तो कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबा) एकदा मोटरच्या या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, आणि एकदा त्या वाइंडिंगला जोडतो, म्हणून चकती उलटसुलट फिरते. मशीन नुसतं हुं हुं करतंय आणि चकती हाताने ढकलली की फिरायला लागते, तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, स्वस्तातलं काम आहे. ड्रायर धडधडला तर आधी कपडे काढून नीट सारखे दाबून बसवा आणि वर ड्रायरची ती सुटी प्लास्टिकची चकती ठेवा, त्यातच निम्म्या तक्रारी मिटतात. खरे शत्रू दोन, ड्रायरच्या खालचं रबरी सील फाटलं की पाणी थेट मोटरवर, आणि उंदीर, वायरी कुरतडतात. खालून जाळी लावा. तांब्याच्या वाइंडिंगच्या जुन्या मोटरी अजून चालू बघतो मी, काढून फेकू नका हो.

*

आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे धुण्यापेक्षा ड्रायरचंच कौतुक जास्त. जून ते सप्टेंबर कपडे वाळायचे कुठे? पडवीतल्या दांडीवर चार चार दिवस ओले, कुबट वास, शाळेचा गणवेश चुलीवर धरून शेकायचा. ड्रायर आला आणि पाच मिनिटं फिरवलं की कपडा नुसता दमट, रात्री पंख्याखाली टाकला की सकाळी घालण्याजोगा. आजी कपडे दगडावरच धुवायची पण पिळायला मशीनमध्ये आणून द्यायची, तिच्या मनगटांना तेवढा आराम. लाइट गेली तर मात्र सगळंच अडलं, आणि पावसात ती जायचीच.

*

मी न्यू जर्सीहून. इथली जुनी टॉप लोड वेगळी, मधोमध उभा खांब, ॲजिटेटर. आधी अपार्टमेंटच्या तळघरातल्या मशीनमध्ये क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, टाकून धुवायचो, मग स्वतःच्या घरात केनमोर नावाचं मशीन मिळालं, घराबरोबरच आलेलं, आतून व्हर्लपूलचं. त्या खांबाचा खालचा भाग मागेपुढे हलतो आणि वरचा स्क्रूसारखा एकाच दिशेने फिरत कपडे खाली ओढतो. पट्टा नाहीच, मोटर आणि गिअरमधे एक छोटं रबर-प्लास्टिकचं कपलिंग, फार भरलं की ते तुटायचं आणि मोठं नुकसान वाचायचं, शनिवारी सकाळी मी ते घरीच बदलायचो. धुणं अर्ध्या तासाच्या आसपास आटपायचं आणि पांढरे कपडे गरम पाण्यात असे निघायचे की बघत राहावं. पण ताई, तुमचा पाण्याचा मुद्दा मान्य, ही मशीन एका धुण्याला चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे लिटर पाणी घ्यायची. साडी त्यात कधीच टाकली नाही, खांबाला गुंडाळून फाटली असती.

*

बटाट्याचे वेफर्स करताना कोणी ड्रायर वापरला नाही का? आमच्या मावशीकडे स्वच्छ पंचात बांधून मिनिटभर फिरवायचे, वाळायला निम्मा वेळ! पंजाबात ढाब्यांवर तर मशीनमध्ये लस्सी घुसळतात.

*

सातारचे दादा, एक विचारायचं होतं. सासूबाईंचं जुनं मशीन अजून धुतं छान, पण ड्रायरचं झाकण उघडलं तरी टब बराच वेळ फिरतच राहतो. बदलूनच टाकू का?

*

नको नको, ब्रेकची वायर अडकली असेल किंवा ब्रेकचा पट्टा झिजला असेल. झाकण उघडलं की ती वायर ढिली पडून ब्रेक लागतो आणि मोटर जागेवर थांबायला हवी. दोन्ही वस्तू स्पेअरच्या दुकानात मिळतात, फक्त जुनी काढून सोबत न्या म्हणजे लांबी जुळेल. तोपर्यंत टब पूर्ण थांबल्याशिवाय कोणी आत हात घालू नका, लहान मुलं असतील तर ड्रायर बंदच ठेवा. आणि मेकॅनिक आलाच आहे तर अर्थिंगही बघून घ्या म्हणावं.